नैनी तुरुंगातून गेलेली तार : पोलिसी गोळीबारावरचा १९५४ चा वाद

ऑगस्ट १९५४. प्रजा समाजवादी पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात होते. तिथून त्यांनी दक्षिणेच्या टोकाला, त्रिवेंद्रमला, एक तार केली. ती ज्यांच्या नावे होती ते पट्टम ताणु पिल्लै हे त्रावणकोर-कोचीनचे मुख्यमंत्री, आणि लोहियांच्याच पक्षाचे नेते. तारेतला मजकूर थोडक्यात असा : आपल्या पोलिसांनी जनतेवर गोळ्या झाडल्या आहेत, मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा आणि न्यायालयीन चौकशी व्हावी.

विरोधी पक्षाने राजीनामा मागणे ही नित्याची बाब. इथे मात्र पक्षाचा सरचिटणीस आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडायला सांगत होता. ते सरकार काही साधेसुधेही नव्हते. समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचे ते देशातले पहिले मंत्रिमंडळ होते आणि त्याला अजून सहा महिनेही झाले नव्हते.

या एका तारेतून जो वाद पेटला त्याचा विषय आजही शिळा झालेला नाही. जमावावर प्राणघातक बळ वापरण्याचा पोलिसांचा अधिकार कुठे संपतो? आणि ती मर्यादा ओलांडली गेली, तर किंमत कोणी मोजायची : बंदूक चालवणाऱ्या शिपायाने, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याने, की मंत्र्याने?

आधी पार्श्वभूमी. १९५४ च्या आरंभी त्रावणकोर-कोचीनमध्ये मध्यावधी निवडणूक झाली. काँग्रेसला ४५ जागा मिळाल्या, कम्युनिस्टांना २३ आणि प्रजा समाजवादी पक्षाला अवघ्या १९. तरीही सरकार बनले ते या १९ जणांचे, कारण कम्युनिस्टांना दूर ठेवण्यासाठी काँग्रेसने त्यांना बाहेरून पाठिंबा दिला. मार्चमध्ये पट्टम मुख्यमंत्री झाले. उधारीच्या बहुमतावर चाललेला हा संसार होता.

राज्याच्या दक्षिण टोकाला तोवाळा, अगस्तीश्वरम्, कल्कुळम् आणि विळवंकोड हे तमिळभाषक तालुके होते. ते मद्रास राज्याला जोडावेत यासाठी ‘त्रावणकोर तमिळनाडू काँग्रेस’ हा पक्ष नेसमणी यांच्या नेतृत्वाखाली लढत होता. ११ ऑगस्ट १९५४ रोजी या पक्षाने ‘मुक्ती दिन’ पाळला. मार्तांडम् आणि पुदुक्कडै इथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. माणसे मेली.

(पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे चारही तालुके मद्रास राज्यात गेले आणि त्यांचा कन्याकुमारी जिल्हा झाला. ज्या मागणीसाठी गोळ्या झाडल्या गेल्या ती सव्वादोन वर्षांत कायद्यानेच मान्य झाली. भाषावार प्रांतरचनेच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडले आहे, आणि मराठी वाचकाला ते वेगळे सांगायला नको.)

लोहिया तुरुंगात का होते, तेही पाहण्यासारखे आहे. उत्तर प्रदेश सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले होते. वाढीव दर भरू नका, असे त्यांनी शेतकऱ्यांना भाषणांतून सांगितले, म्हणून १९३२ च्या एका इंग्रजी अमदानीतल्या कायद्याखाली त्यांना अटक झाली. ऑगस्टअखेर अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या कायद्याचे संबंधित कलम भाषणस्वातंत्र्याशी विसंगत ठरवून त्यांची सुटका केली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. म्हणजे ज्या दिवसांत लोहियांनी ही तार पाठवली, त्या दिवसांत ते स्वतः परकीय राजवटीने मागे ठेवलेल्या एका हत्याराचा अनुभव घेत होते. पोलिसी बळाविषयीची त्यांची भूमिका समजून घेताना हा योगायोग विसरता येत नाही.

आता कायदा काय म्हणत होता? तेव्हा १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. कलम १२७ नुसार दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा अंमलदार बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकत असे. जमाव पांगला नाही, तर कलम १२८ नुसार त्याला बळाने पांगवता येत असे. ‘बळाने’ म्हणजे लाठीने, अश्रुधुराने की बंदुकीने? त्या कलमात याची पायरी सांगितलेली नव्हती.

त्याच प्रकरणात दोन घरे पुढे कलम १३० होते. दंडाधिकाऱ्याने लष्कराला पाचारण केले, तर लष्करी अधिकाऱ्याने शक्य तितके कमी बळ वापरावे, जीविताची व मालमत्तेची शक्य तितकी कमी हानी करावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. किमान बळाची अट लष्कराला. पोलिसांच्या कलमात ती नाही. पोलिसांच्या नियमावल्यांमध्ये इशारा देणे, चढत्या क्रमाने बळ वापरणे असे नियम होते, पण नियमावली म्हणजे कायदा नव्हे. ती मोडली तर खातेनिहाय चौकशी होणार, आणि तीही खात्याच्या मर्जीने. शिवाय कलम १३२ होते : या तरतुदींखाली केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीवाचून खटला भरता येत नसे. ज्या सरकारचे पोलीस, त्याच सरकारकडे खटल्याची किल्ली.

हे सारे कलम-प्रकरण वसाहतीच्या गरजेतून घडले होते. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, तेव्हा रस्त्यावर गोळ्या चालल्या. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत डायरने १६५० फैरी झाडवल्या आणि सरकारी आकड्यानुसारही ३७९ जण ठार झाले. हंटर समितीने डायरला दोष दिला तो मुख्यतः दोन गोष्टींसाठी : इशारा न देता गोळीबार केला आणि गरज संपल्यावरही तो चालू ठेवला. समितीतले मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड आणि त्यांचे दोन भारतीय सहकारी यांनी वेगळा व कडक अहवाल दिला. पण या चौकशीनंतरही १८९८ च्या संहितेची ती कलमे तशीच राहिली. १९४७ मध्ये सत्ता बदलली, तेव्हा वारशात तीही आली.

काँग्रेस राज्यांतल्या गोळीबारांविरुद्ध समाजवादी सातत्याने ओरडत होते. प्रत्येक वेळी चौकशी मागत होते, मंत्र्यांचे राजीनामे मागत होते. आता मार्तांडम्‌च्या बंदुका त्यांच्या सरकारच्या होत्या.

पट्टम यांनी राजीनामा देण्यास नकार दिला. ते जुने, मुरलेले नेते होते. संस्थानी काळात दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या दडपशाहीशी झुंजलेले, त्रावणकोरचे पहिले लोकनियुक्त प्रधानमंत्री राहिलेले. पोलिसी दंडुका म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्या दृष्टीने मुख्यमंत्री विधानसभेला उत्तरदायी असतो. पक्षाच्या सरचिटणीसाने तुरुंगातून तार करून सरकार पाडायचे, ही संसदीय पद्धत नव्हे.

वाद राष्ट्रीय कार्यकारिणीपुढे आला. आचार्य कृपलानी पक्षाचे अध्यक्ष होते. जयप्रकाश नारायण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बोधगया इथे भूदानाला ‘जीवनदान’ करून पक्षकारणातून बाजूला झाले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना सांधणारा माणूसच उरला नव्हता. कार्यकारिणीने गोळीबाराबद्दल खेद मानला, पण राजीनाम्याची मागणी फेटाळली. लोहियांनी सरचिटणीसपद सोडले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट मांडून पाहावे, कारण पुढच्या सत्तर वर्षांत याहून फारसे नवे कुणी बोललेले नाही.

लोहियांचा गाभ्याचा मुद्दा असा होता : सशस्त्र बंडाळी किंवा माणसे मारत सुटलेला जमाव यांसारखा प्रसंग सोडला, तर स्वतंत्र देशातल्या सरकारला आपल्या नागरिकांवर गोळी झाडण्याचा अधिकारच नाही. दगडफेक, मोडतोड, वाहतूक अडवणे यांची शिक्षा मृत्यू असू शकत नाही. न्यायालयात सिद्ध झाले तरी ज्या गुन्ह्याला काही महिन्यांची कैद होईल, त्याला रस्त्यावर देहदंड कसा? आणि केवळ ‘आम्ही गोळीबाराविरुद्ध आहोत’ असे ठराव करून हा पायंडा मोडणार नाही. एखाद्या सरकारने गोळीबारामुळे सत्ता सोडली, तरच उद्या इतर मंत्री हुकूम देण्याआधी दहादा विचार करतील. समाजवाद्यांच्या हाती सत्ता आहे ती एकाच राज्यात. तेव्हा सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

समोरच्या बाजूचे म्हणणे हलके लेखण्याजोगे नव्हते. चौकशीआधी राजीनामा म्हणजे आरोपाआधी शिक्षा. गोळीबाराचा हुकूम मंत्री देत नाही, जागेवरचा अधिकारी देतो. त्याच्यापुढे क्षणाचा अवधी असतो. गोळीबार झाला की सरकार पडते, असा नियम झाला तर सरकार पाडू पाहणाऱ्यांना फक्त पोलिसांना डिवचण्याचे काम उरेल, आणि त्यात बळी जाईल तो पुन्हा गरीब माणसाचाच. शिवाय ज्याला राज्य चालवायचे आहे त्याने बळाचा वापर पूर्णपणे नाकारता येत नाही. जातीय दंगलीत अल्पसंख्याकांच्या वस्तीकडे निघालेला जमाव हातात बंदूक न घेता कसा थांबवणार?

हा शेवटचा प्रश्न खरा अवघड आहे. १९४६-४७ च्या कत्तली सर्वांच्या डोळ्यांदेखत झाल्या होत्या. लोहियांच्या सूत्रात खुनी जमावाचा अपवाद होता, पण तो अपवाद जागेवर ओळखायचा कुणी, याचे उत्तर सूत्रात नव्हते. उलट कार्यकारिणीच्या भूमिकेतही एक मोठे भगदाड होते. चौकशीनंतर सरकार दोषी ठरले तर काय, याविषयी तिने स्वतःला कशातही बांधून घेतले नव्हते.

या वादाला आणखी एक पदर होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पट्टम यांचे सरकार काँग्रेसच्या टेकूवर उभे होते. १९५३ मध्ये अशोक मेहतांनी बैतूलच्या अधिवेशनात काँग्रेसशी सहकार्याची दिशा सुचवली होती. लोहियांना काँग्रेस व कम्युनिस्ट या दोघांपासून समान अंतर हवे होते. त्यामुळे अनेकांना वाटले की गोळीबार हे निमित्त आहे, खरा झगडा पक्षाच्या दिशेचा आहे. त्यात तथ्य होते. पण निमित्त म्हणून का होईना, एका राष्ट्रीय पक्षाने पोलिसी गोळीबाराच्या नीतीवर महिनोन्‌महिने वाद घातला, आणि असे भारताच्या राजकारणात फार वेळा घडलेले नाही.

नोव्हेंबर १९५४ मध्ये नागपुरात पक्षाचे विशेष अधिवेशन भरले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. तिथे देशभरचे प्रतिनिधी जमले आणि मतदान झाले. बहुमत कार्यकारिणीच्या बाजूने पडले, लोहियांची बाजू हरली. कृपलानी अध्यक्षपदावरून दूर झाले आणि आचार्य नरेंद्र देव अध्यक्ष झाले.

ज्या सरकारला वाचवण्यासाठी एवढी उठाठेव झाली ते मात्र वाचले नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसचा टेकू निघाला आणि पट्टम यांचे मंत्रिमंडळ अविश्वास ठरावावर कोसळले. अकरा महिनेही न टिकलेल्या सत्तेपायी पक्ष दुभंगायच्या वाटेला लागला होता. १९५५ मध्ये मुंबईत मधू लिमये यांच्यावर कारवाई झाली, मग लोहियांवर. आणि वर्षअखेर हैदराबादेत लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. लिमये त्या वेळी गोव्यात पोर्तुगिजांच्या कैदेत होते.

गोव्याचा उल्लेख आलाच आहे, तर तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीज सैनिकांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. अवघा देश संतापला. त्यानंतर शंभर दिवसांच्या आत, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर स्वदेशी पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ जण ठार झाले. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहरात पुन्हा कित्येक दिवस गोळ्या चालल्या. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या शंभरीपार गेली.

न्यायालयीन चौकशीची मागणी झाली. ती नाकारली गेली. इथे चिंतामणराव देशमुखांचे नाव घ्यावेच लागते. ते केंद्रात अर्थमंत्री होते आणि कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले. २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत राजीनाम्याचे निवेदन करताना त्यांनी मुंबईच्या प्रश्नाबरोबरच या गोळीबाराच्या चौकशीची मागणी पंतप्रधानांनी मानली नाही, हेही गाऱ्हाणे सभागृहापुढे ठेवले. गंमत अशी की देशमुख सनदी अधिकारी राहिलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. रस्त्यावरच्या राजकारणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ज्या राजीनाम्याची अपेक्षा लोहियांनी समाजवादी मुख्यमंत्र्याकडून केली होती, तो गोळीबाराचा उल्लेख करत दिला एका काँग्रेस सरकारातल्या अर्थतज्ज्ञाने. अर्थात त्यांचे पोलीस नव्हते आणि हुकूमही त्यांचा नव्हता.

प्रजा समाजवादी पक्षातच राहिलेले एस. एम. जोशी फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस झाले. नागपुरात सव्वा वर्षापूर्वी सरकारच्या अडचणी समजून घेणारा पक्ष आता पुन्हा गोळ्या झेलणाऱ्यांच्या रांगेत उभा होता.

केरळात मात्र कथा पुरी झाली नव्हती. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले. त्याने एक वेगळेच धोरण जाहीर केले : मालक आणि मजूर, जमीनदार आणि कुळे यांच्या न्याय्य झगड्यात पोलीस मालकाच्या बाजूने उतरणार नाहीत. गोळीबारावर मर्यादा घालण्याऐवजी, गोळीबाराची वेळ जिथे येते तिथे पोलिसांनी जायचेच नाही, असा हा प्रयत्न होता. विरोधकांनी ओरड केली की सरकारने कायदा वाऱ्यावर सोडला.

२६ जुलै १९५८ रोजी कोल्लमजवळ चंदनत्तोप इथे काजू कारखान्यातल्या संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. दोन कामगार ठार झाले. सरकार कामगारांचे, बळीही कामगार. १९५९ च्या ‘विमोचन समरा’त तर हा प्रश्न पार उघड्यावर आला. १३ जून १९५९ रोजी अंगमाली इथे गोळीबारात सात जण मेले, आणि पुढच्या आठवड्यांत किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतही गोळ्या चालल्या. ३१ जुलैला केंद्राने नंबुद्रिपाद सरकार बरखास्त केले.

त्या सरकारविरुद्धच्या आघाडीतले एक ज्येष्ठ नेते होते पट्टम ताणु पिल्लै. पाच वर्षांपूर्वी आपल्या पोलिसांच्या गोळीबारावर राजीनामा नाकारणारे पट्टम आता दुसऱ्याच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबाराविरुद्ध रान उठवणाऱ्यांत होते. फेब्रुवारी १९६० मध्ये ते काँग्रेसच्या साथीने पुन्हा मुख्यमंत्री झाले.

वादाचा पुढचा प्रवास पक्षांच्या अधिवेशनांतून निघून आयोगांच्या अहवालांकडे गेला. आणीबाणीनंतर नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्या अहवालात शिफारस केली की, बेकायदा जमाव पांगवताना पोलीस गोळीबारात दोन किंवा अधिक माणसे मेली तर न्यायालयीन चौकशी सक्तीची असावी. देशमुखांनी १९५६ मध्ये जे मागितले होते ते दर वेळी मागावे लागू नये, एवढाच तिचा अर्थ. शिफारस कागदावर राहिली.

११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मरण पावले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे समर्थन पुढे आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. १९५४ चा प्रश्न इथे शिपाई-अधिकाऱ्याच्या पातळीवर सुटला, असे फार तर म्हणता येईल. मंत्र्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १६ निर्देश दिले. खटल्याचे मूळ नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या चकमकींत होते. चकमकीतल्या मृत्यूचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, पोलीस गोळीबारातल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावी, वापरलेली शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत, चकमकीनंतर लगेच बढत्या किंवा शौर्यपदके देऊ नयेत, अशी त्यांची धाटणी आहे. गोळी झाडल्यानंतर काय करायचे, हे त्यांत तपशिलाने आहे.

गोळी झाडण्याआधीचे कलम मात्र जुनेच राहिले. १८९८ ची संहिता जाऊन १९७३ ची आली, तीही जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जमाव पांगवण्याचा पोलिसांचा अधिकार आता कलम १४८ मध्ये आहे, लष्कराचा कलम १४९ मध्ये, आणि खटल्यापासूनचे संरक्षण कलम १५१ मध्ये. शक्य तितके कमी बळ वापरण्याचे बंधन कलम १४९ मध्ये कायम आहे. कलम १४८ मध्ये ते शब्द अजूनही नाहीत.